आमेनची घाई

मी डोळे उघडले तेव्हा इतरांचं सूप अर्धं संपलं होतं.

स्कॉटलंडमधला माझा तो पहिला रविवार. टेबलाच्या एका टोकाला माझी घरमालकीण मिसेस मोइरा गेडिस, दुसऱ्या टोकाला तिथल्या चर्चच्या मंडळीचे पाळक रेव्हरंड कर, आणि मध्ये मी, ओढणी डोक्यावरून घेतलेली, हात जोडलेले, मान खाली. मिसेस गेडिस म्हणाल्या होत्या, "या अन्नाबद्दल आम्ही आभारी आहोत. आमेन." मला वाटलं, ही प्रस्तावना झाली. आमेन मी ऐकलं होतं, पण आमच्याकडे प्रार्थना रंगात आली की मागून कुणी ना कुणी आमेन म्हणतंच, त्यानं ती थांबत नाही. म्हणून मी पुढच्या भागाची वाट बघत बसले.

"तुला बरं वाटत नाहीये का?" मिसेस गेडिसनी विचारलं.

"बरी आहे. प्रार्थना संपली?"

रेव्हरंड कर यांनी रुमालानं ओठ टिपले. "सूप गरम आहे तोवर संपलेली बरी," ते म्हणाले.

त्या रात्री अण्णांचा फोन आला तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगितली. अण्णा नगरच्या मिशन शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. रविवारी पाळकसाहेब आजारी पडले की उपदेश तेच करत, आणि पाळकसाहेबांनी वरचेवर आजारी पडावं असं त्यांना मनातून वाटे.

"एकच ओळ?" अण्णा म्हणाले. "मग देवाला कळतं तरी का, कोणाच्या घरातनं आली?"

अण्णांची प्रार्थना बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकापासून निघायची आणि वाटेत गव्हर्नर, पाऊसपाणी, मिशनच्या कंपाउंडमधले आजारी यांना भेटत आमच्या घरापर्यंत पोचायची. तिथं मग माझं नाव यायचं, गणिताच्या मार्कांसकट. शेजारपाजारचे भक्तीला बसलेले असायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण अण्णा निदान भोळे होते. खरी कसबी बाई म्हणजे आमची सलोमीआत्या. शेजारच्या उजगरेबाईंनी नाताळच्या फराळाला चकलीचा सोऱ्या नेला आणि ईस्टर जवळ आला तरी दिला नाही. आत्या त्यांना एका शब्दानं बोलली नाही. शुक्रवारी भगिनी मंडळात उभी राहिली, पदर सावरला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "हे प्रभू, ज्या भगिनीकडे आमचा सोऱ्या आहे तिला तो कसा धुवायचा ते कळत नसेल, तर तिला ज्ञान दे." दुसऱ्या दिवशी सकाळी सोऱ्या आमच्या भिंतीवर होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

थोडक्यात, मी अशा गावची, जिथं माणसांशी बोलायचं ते देवाच्या मार्फत. आणि आले होते अशा गावात, जिथं देवाशीसुद्धा मोजकंच बोलत.

संख्याशास्त्राची एक वर्षाची पदवी करायला मी तिथं गेले होते. शिष्यवृत्ती एका चर्चच्या विश्वस्तांची. अट एवढीच, की विद्यार्थिनीनं मंडळीतल्या कुटुंबात राहायचं आणि त्या कुटुंबाचं तिच्याबद्दल चांगलं मत असायचं. दुसरी अट पहिलीपेक्षा अवघड होती, कारण त्या लोकांचं मत काय आहे ते चेहऱ्यावरून कळायची सोय नव्हती. मिसेस गेडिस सत्तरीच्या, उंच, ताठ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. रागावल्या तरी "हरकत नाही" म्हणत आणि खूश झाल्या तरी "हरकत नाही" म्हणत. मी जिरं घालून केलेला बटाटा त्यांनी दोनदा वाढून घेतला आणि म्हणाल्या, "हरकत नाही." मी ते जमेला धरलं.

माणसं निरखायची मला खोड आहे. शास्त्रही मी तेच निवडलं होतं. त्यामुळे एक गोष्ट लवकरच ध्यानात आली. मिसेस गेडिस रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहत. कप नुसता धरलेला, ओठाला लावायचा नाही.

"काय बघता?" मी एकदा विचारलं.

"आभाळ."

आभाळ तिथलं रोज एकाच रंगाचं, भांडी धुतलेल्या पाण्यासारखं. त्यात एवढं बघण्यासारखं काय, ते मला कळेना. मग मी आभाळ सोडून त्यांच्याकडे बघायला लागले. रस्त्यापलीकडच्या घराच्या वरच्या खिडकीला एक पांढरा, वर गुंडाळायचा पडदा होता. तो वर गेला की मिसेस गेडिस पहिला घोट घेत आणि खुर्चीत बसत. पडदा लवकर वर गेला तर चहा गरम, उशीर झाला तर गार. आभाळ काहीही असो.

"समोर कोण राहतं?" मी मंडळीतल्या मिसेस बेअर्डना विचारलं. या बाई गुडघ्यांनी त्रासलेल्या आणि बोलायला मोकळ्या.

"मिस जीन लॉरी. मोइराची थोरली बहीण. पण आम्ही त्याबद्दल बोलत नाही," असं म्हणून मिसेस बेअर्डनी मला सगळं सांगितलं. पुढच्या काही दिवसांत आणखी तिघींनी "आम्ही त्याबद्दल बोलत नाही" असं बजावून तेच सगळं सांगितलं, थोड्याफार फरकानं. आई वारली तेव्हा तिच्या अंत्यविधीला तेविसावं स्तोत्र गायचं ठरलं. जीनला जुनी, संथ चाल हवी होती, आईची आवडती. मोइरानं ऑर्गन वाजवणाऱ्याला नवी चाल सांगून ठेवली, तीही आईची आवडती म्हणूनच. देवळात नवी चाल सुरू झाली तेव्हा जीन उभी राहिली, पण तिनं तोंड उघडलं नाही. ते तिनं बहिणीपुरतं नंतरही उघडलं नाही. याला वीसेक वर्षं झाली होती. दोघी दर रविवारी एकाच देवळात, एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या.

"आणि कोणी काही म्हटलं नाही?" मी विचारलं.

"आपण काय म्हणणार? त्यांचं खासगी आहे," मिसेस बेअर्ड म्हणाल्या.

आमच्या कंपाउंडात असं भांडण पंधरा दिवस टिकलं नसतं. कुणीतरी प्रार्थनेत काढलंच असतं.

फेब्रुवारीत भगिनी मंडळाची सभा मिसेस गेडिसच्या घरी भरायची पाळी आली. कार्यक्रम माझा होता, आमच्या मंडळीची ओळख. चित्रं होती, मी चकल्याही केल्या होत्या (सोऱ्या अर्थातच सोबत नेला होता). आदल्या दिवशी मी रीतीप्रमाणे घरोघर बोलावणं करायला निघाले. मिसेस गेडिस म्हणाल्या, "सगळ्यांना पत्रकातून कळलेलं आहे." मी म्हटलं, "कळणं वेगळं, बोलावणं वेगळं." त्यावर "हरकत नाही" झालं, आणि मी निघाले. शेवटचं घर समोरचं.

दार उघडणारी बाई म्हणजे मिसेस गेडिसनाच दाबून जरा बुटकं केल्यासारखी. तोच ताठपणा, तेच नाक.

"उद्या सभा आहे. चारला. तुम्ही यायचं," मी म्हटलं.

"मोइरानं पाठवलं?"

"नाही. आमच्याकडे घरोघर जाऊन बोलावतात."

"मोइराकडे सभा असते तेव्हा मला सर्दी होते. सगळ्यांना माहीत आहे."

"आत्ता झालीय?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अजून नाही," ती म्हणाली. "पण वीस वर्षांत बोलवायला कोणी आलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी चारला मिस लॉरी दारात उभी राहिली तेव्हा मिसेस बेअर्डच्या हातातली चकली बशीत पडली. मिसेस गेडिसनी "या" म्हटलं, ते कोणाकडेही न बघता. मिस लॉरी दारालगतच्या खुर्चीत बसली, ओव्हरकोट न काढता. माझी चित्रं दाखवून झाली. चकल्या संपल्या, म्हणजे त्यांच्या हिशेबानं कार्यक्रम फारच यशस्वी. शेवटी मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "केझिया, समारोपाची छोटीशी प्रार्थना तू करशील?"

छोटीशी. मी खरंच तसं ठरवलं होतं. पण इतके महिने माझ्या प्रार्थना उशीत तोंड खुपसून झालेल्या. एवढ्या बायका, खाली घातलेल्या एवढ्या माना समोर दिसल्या आणि माझा गळा मोकळा झाला. मोकळा झाला की तो अण्णांचा होतो. मी निर्मितीबद्दल आभार मानले. चहाबद्दल मानले. मग आजारी माणसांकडे वळले. मिसेस बेअर्डचा गुडघा घेतला, अध्यक्षबाईंच्या मुलाची नोकरी घेतली, रेव्हरंड कर यांचा घसा घेतला. कुणीतरी दचकल्याचं मला ऐकू आलं. आमच्याकडे त्याला प्रोत्साहन समजतात. आणि मग मी त्या भरात म्हणून गेले:

"आणि हे प्रभू, या दोघी बहिणींकडे बघ. समोरच्या घराचा पडदा वर जाईपर्यंत मोइरा रोज सकाळी चहाचा घोट घेत नाही. हे तू पाहतोस. जीनला ते दिसत नाही, कारण ती पडद्याच्या आत असते. तेव्हा यात काय करायचं ते आता तूच बघ. आमेन."

मागून आमेन आलं नाही. मी डोळे उघडले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्याजणी आपापल्या बशीत काहीतरी हरवल्यासारख्या बघत होत्या. मिस लॉरी उठली, कोटाचं वरचं बटण लावलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाली, "ते कुरकुरीत चांगलं झालं होतं." आणि गेली.

बायका पांगल्यावर मी कप पुसायला घेतले. मिसेस गेडिस धुवत होत्या.

"केझिया, तुमच्याकडे सगळ्यांसमोर असं बोलतात?"

"बोलत नाही. प्रार्थना करतो."

"त्यात फरक काय?"

"बोललं तर भांडण होतं."

"आणि प्रार्थना केली तर?"

सोऱ्या परत मिळतो, हे इंग्रजीत कसं सांगावं ते मला सुचेना. मी कप पुसत राहिले.

"मला वाटतं," त्या नळ बंद करत म्हणाल्या, "विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तुला जास्त मोकळं वाटेल. सोमवारी मी विश्वस्तांशी बोलते."

तिथं माणसाला घराबाहेर काढायचं तेही त्याच्याच सोयीसाठी काढतात. मी पलंगावर बसून पुढचं सगळं जुळवून पाहिलं. कुटुंबाचं मत गेलं म्हणजे शिष्यवृत्ती गेली, शिष्यवृत्ती गेली म्हणजे पदवी अर्धी टाकून नगर. तेही एकवेळ सोसलं असतं. पण शुक्रवारी भगिनी मंडळात सलोमीआत्या पदर सावरून उभी राहणार आणि मऊ आवाजात म्हणणार, "हे प्रभू, आमच्या केझियाला परक्याच्या घरात जिभेवर ताबा ठेवता आला नाही..." हे माझ्या डोळ्यांपुढे इतकं स्पष्ट आलं की मला हुडहुडी भरली.

रविवारी सकाळी मी खाली आले तेव्हा मिसेस गेडिस खिडकीशी उभ्या होत्या. देवळात जायचे कपडे, पायात मात्र घरातल्या सपाता. हातात कप. समोरचा पडदा खाली.

मी पाव भाजला. पडदा खाली. मी पाव खाल्ला. पडदा खालीच.

"रविवारी त्या उशिरा उठतात का?" मी विचारलं.

"जीन? ती शाळेत असल्यापासून सहाला उठते."

देवळाची घंटा झाली. मिसेस गेडिसची जागची हालचाल नाही. कपावर साय धरली होती.

"दार वाजवून बघा ना," मी म्हटलं.

"असं जाऊन कसं वाजवायचं?"

"मग मी जाते. बोलावणं करायला गेलेच होते."

"नाही." त्यांनी कप खिडकीत ठेवला. बशी वाजली. "तू नको."

आणि त्या तशाच, सपातांवर, कोट न घालता रस्ता ओलांडून गेल्या. मी खिडकीत त्यांची जागा घेतली. त्यांनी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. मग, जी बाई सॉस मागतानासुद्धा आधी क्षमा मागायची, तिनं भर गल्लीत दारावर मूठ आपटली आणि हाक मारली, "जीन!"

दार उघडलं. मिस लॉरी. टोपी, हातमोजे, कोट, पर्स. देवळात जायच्या जय्यत तयारीत. मी खिडकीची काच वर केली. केली हे खरं आहे, लपवून काय करायचं.

"तू ठीक आहेस?" मोइरा.

"मला काय होतंय?"

"पडदा."

"मुद्दामच वर केला नाही." जीनचं नाक लाल झालं होतं. "म्हटलं बघू, ती मुलगी खरं सांगते की काय. आणि किती वेळ थांबतेस ते."

 मोइरानं तोंड उघडलं, आणि वीस वर्षांचा साठा बाहेर आला. मला वाटलं तू मेलीस, मोइरा म्हणाली. मला तर तू आईच्या अंत्यविधीलाच मारून टाकलंस, जीन म्हणाली. ती चाल आईला आवडायची. आवडायची नाही, तुझं मन मोडू नये म्हणून ती तसं म्हणायची. तुला कोणी सांगितलं. तिनंच सांगितलं. शेजारच्या घराचे पडदे हलले, कुत्रं भुंकलं, दोघी दारातच उभ्या. शेवटी जीन म्हणाली, "आत तरी ये, सपातांवर आलीयस." दार लागलं. भांडण आतून ऐकू येत राहिलं.

त्या रविवारी आमच्या गल्लीतून देवळात मी एकटीच गेले. डावीकडचा बाक रिकामा, उजवीकडचाही रिकामा. साऱ्या मंडळीची मान आधी इकडे वळली, मग तिकडे, मग माझ्याकडे. उपासना संपल्यावर दारात रेव्हरंड कर यांनी माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "मिसेस गेडिस बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "मिस लॉरींशी भांडताहेत."

"भांडताहेत? म्हणजे एकमेकींशी बोलून?"

"खूप मोठ्यानं."

रेव्हरंड कर यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, हे आता पुन्हा आत जाऊन आणखी एक गीत लावतात.

घरी आले तर टेबलावर सुपाच्या तीन ताटल्या. दोघी समोरासमोर. मीठ जास्त की कमी यावर वाद चाललेला. मिसेस गेडिस म्हणाल्या, "या अन्नाबद्दल आम्ही आभारी आहोत. आमेन." आणि लगेच जीनला, "आणि तू चहात साखर कधीपासून घेत नाहीस?"

मी सूप संपेपर्यंत धीर धरला. मग विचारलं, "उद्या तुम्ही विश्वस्तांशी बोलणार होतात."

"उद्या मला वेळ नाही," मिसेस गेडिस म्हणाल्या. "जीनचे पडदे काढून धुवायचेत. वर्षानुवर्षांची धूळ आहे. तिला दिसत नाही."

"मला दिसते," जीन म्हणाली.

"तिला दिसत नाही. आणि शिडीवर चढायला मला कुणीतरी तरुण लागेल. तेव्हा तू कुठं जाणार नाहीस."

दोघींचं गूळपीठ झालं असं मी म्हणणार नाही. रोज भांडत. सकाळी पडदा वर गेला की पाचच मिनिटांत जीन इकडे यायची आणि कालचं भांडण जिथं राहिलं तिथून उचलायची. चहा मात्र गरम असायचा. पुढे कधीतरी मी त्यांना सलोमीआत्याची, सोऱ्याची सगळी हकीकत सांगितली. जीन डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मिसेस गेडिस हसल्या नाहीत. "तो परत कधी आला म्हणालीस?" एवढंच त्यांनी विचारलं.

सप्टेंबरात मी निघाले. टॅक्सी दारात, सामान आत, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसलेला. आमच्याकडे कुणी घरातून निघालं की प्रार्थनेशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. मला नगरहून निघताना अण्णांनी असं धरून ठेवलं होतं की विमान चुकायचंच बाकी राहिलं होतं. इथं हस्तांदोलन होईल, फार तर गालाला गाल लागेल, असं धरून मी हात पुढे केला.

"बॅग खाली ठेव," मिसेस गेडिस म्हणाल्या.

त्यांनी गळ्यातला स्कार्फ सोडला आणि डोक्यावरून घेतला. मी जशी ओढणी घ्यायची तसा, जरा वाकडा. डोळे मिटले. मीही मिटले.

"प्रभू," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. रस्त्यावरून एक गाडी गेली. "प्रभू, ही केझिया. हिला तू ओळखतोस. हिनं आमच्या घरात जिऱ्याचा वास आणला आणि खिडकी उघडी टाकायची सवय. हिला नीट घरी ने. हिच्या अण्णांचा घसा बरा ठेव, त्यांना बोलायचं बरंच असतं. हिच्या आत्याचं ते यंत्र जो कोणी नेईल त्यानं वेळेवर परत करावं..."

वर्षभरात देवापुढे माझं नाव कुणाच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. नगरमध्ये ते आलं की मी लाजेनं बोटं मोडायची.

"मोइरा, गाडी चुकेल तिची," शेजारून जीन पुटपुटली.

"आणि प्रभू," मिसेस गेडिस त्याच सुरात, अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीला धीर दे. लहानपणापासून तिच्याकडे तो नाही."

"आमेन," जीन ठासून म्हणाली.

प्रार्थना चालूच राहिली. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवला, मग इंजिन बंद केलं. मी डोळे उघडले नाहीत. मला घाई नव्हती.